मरणमावशीची रंगीत तालीम

मरणमावशी पहिल्यांदा मेली ती ऐन विशीत आणि तेही ऐनवेळी. नाटक कंपनीत ती कपडे सांभाळायला होती. एका संध्याकाळी पहिल्या अंकात मरणाऱ्या नटीला ताप भरला. मालकांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि हिच्या अंगावर एक शाल टाकून म्हणाले, "तीन वाक्यं बोलायची आणि मरायचं. जमेल?" तीन वाक्यांतली दोन ती विसरली, पण मेली मात्र अशी झकास की पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी घाईघाईनं स्वतःची नाडी तपासली.

झालं! तेव्हापासून कंपनीत कुणी मरायचं असलं की हीच. कधी क्षयानं, कधी विषानं, कधी सवतीच्या तळतळाटानं, कधी लेखकाला पुढं काय करायचं ते सुचलं नाही म्हणून. आई झाली, आजी झाली, राणी झाली, पण मध्यंतराच्या पुढं काही गेली नाही. दुसऱ्या अंकात नायक-नायिका हिच्या तसबिरीपुढं उभे राहून रडत, तेव्हा ही आत तोंडाचा रंग पुसत चहा पीत बसलेली असायची. "मावशी" तर ती सगळ्या कंपनीचीच होती. पुढं "मरण" कुणी चिकटवलं ते कुणालाच आठवत नाही, पण ते नाव घेऊन कुणी हाक मारली की स्वारी अशी खुलायची, जणू पदवीच मिळाली आहे.

कंपनीचा एक नियम होता. मेलेलं माणूस पडदा पडल्याशिवाय उठत नाही. आभाळ कोसळो, नाकावर माशी बसो, नाही म्हणजे नाही. एकदा पडदा वरच अडकला. सुतार शिडीवर चढला, खिळे खाली पडायला लागले, त्यातला एक मावशीच्या कानाशी येऊन रुतला. प्रेक्षक कंटाळून घरी गेले. झाडूवाला आला, त्यानं हिच्या भोवतीनं झाडून घेतलं. शेवटी पडदा धाडकन खाली आला तेव्हा बाई उठल्या आणि म्हणाल्या, "चहा आहे का शिल्लक?"

मेलेल्याला खरी भीती माशीची नसते, हसण्याची असते. सहनट मुद्दाम छळायचे. छातीवर डोकं ठेवून हंबरडा फोडता फोडता कानात पुटपुटायचे, "मावशी, मालकांची मिशी सुटलीय." त्यावर मावशीचा एक इलाज होता. हसू पोटातून वर यायला लागलं की ती पायांची बोटं आतल्या आत घट्ट आवळायची. सगळं हसू तळपायात उतरवायचं आणि तिथंच कोंडून ठेवायचं. चेहरा मात्र शांत, संगमरवरी!

आणि तिच्याकडं एक बिल्ला होता. सोन्याचा नव्हे, आवाजाचा. एका प्रयोगात ती जिन्यावरून कोसळून मेली तेव्हा काळोख्या प्रेक्षागृहात, अगदी शेवटच्या रांगेतून, एक बाई किंचाळली. काय ती किंचाळी! खालून सुरू झाली, मध्ये तुटली आणि शेवटी वर जाऊन अशी फाटली की वाजवणाऱ्याच्या हातून पेटीचा भाता सुटला. ती बाई कोण, कुठली, कधी कळलं नाही. पण मावशी सांगायची, "टाळ्या काय, टाळ्या सगळ्यांनाच मिळतात. मला किंचाळी मिळालीय."

कंपनी मिटली, नट पांगले. मावशी आणि तिचा धाकटा भाऊ तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला लागले. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. दौऱ्यांच्या धबडग्यात ते राहूनच गेलं, एखादं ट्रंकेतलं वस्त्र राहून जावं तसं.

हा भाऊ कंपनीचा प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची प्रत, आणि नट अडला की कुजबुजून वाक्य पुरवायचं. नट ऐकेल पण पहिली रांग ऐकणार नाही, इतकाच आवाज. पडद्याची खूणही तोच द्यायचा. हात वर केला की समोरच्या विंगेतला पडदेवाला दोर सोडायचा. सगळा जन्म असा गेल्यावर त्याचा गळा तेवढाच उरला. नाव पडलं कुजबुज. दुकानात तो साबण मागायचा तेव्हा दुकानदार अख्खा गल्ल्यावरून पुढं वाकायचा आणि तरीही काडेपेटी द्यायचा. कुजबुज काडेपेटी घेऊन घरी यायचा. घरात काडेपेट्यांची ददात नव्हती.

आता म्हातारपणी मावशीला एक नवं काम मिळालं. वैद्यकीय कॉलेजात परीक्षेला खोटे पेशंट लागतात. कुणीतरी पलंगावर झोपून "इथं दुखतंय" म्हणायचं आणि मुलांनी ओळखायचं काय झालंय ते. मावशीनं पहिल्याच दिवशी पोटदुखी अशी रंगवली की एका मुलीनं परीक्षा सोडून तिला पाणी पाजलं. तिथंच तिची गाठ शरीररचना शिकवणाऱ्या प्रोफेसरबाईंशी पडली. बाई चष्मा कपाळावर ठेवून तोच चष्मा शोधणाऱ्यांपैकी. त्यांच्या बोलण्यात एकदा आलं की देहदान फार कमी होतं, एकेका टेबलाभोवती मुलांची नुसती झुंबड.

मावशीचे कान टवकारले. "झुंबड? म्हणजे हाउसफुल?"

"तसं म्हणा हवं तर."

"आणि करायचं काय असतं?"

"तुम्हाला काहीच नाही," बाई हसल्या. "शरीर टिकावं म्हणून आम्ही औषध भरतो. मग मुलं वर्ष-दीड वर्ष शिकतात. त्वचेपासून सुरुवात, मग स्नायू, नसा, काळीज, सगळं हळूहळू. आयुष्यात पहिल्यांदा माणूस आतून बघतात ती. शेवटी जे उरतं त्याला आम्ही मानानं निरोप देतो."

"वर्ष-दीड वर्ष रोज प्रयोग!" मावशीनं छातीवर हात ठेवला. "बाई, मी जन्मभर पहिल्या अंकात मेले आणि आत जाऊन बसले. मेल्यानंतर सुरू होणारं काम मला आजवर कुणी दिलंच नाही हो! आणि पाठांतर?"

"एकही वाक्य नाही."

"लिहा माझं नाव!"

नाव लिहिलं. पण बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला, म्हणजे आता खरं सांगणार. "मावशी, नावं पुष्कळ लोक देतात. त्या दिवशी मात्र फोन येत नाही. घरच्या माणसानं काही तासांच्या आत कळवावं लागतं, डॉक्टरांचा दाखला घ्यावा लागतो, आणि घरात कुणी मोडता घातला तर आम्ही हात लावत नाही. तुमच्या घरी आहे कुणी, ठामपणे बोलेल असं?"

घरी कुजबुज होता. आणि पलीकडच्या गल्लीत आक्का होती.

आक्का दोघांची थोरली बहीण. तिला नाटक कधी आवडलं नाही. भांडी घासताना नुसती "हं" म्हणाली तरी खालच्या मजल्यावर लोक दचकत. देहदानाचं कानावर पडताच ती दुखरे गुडघे धरत तीन जिने चढून आली. "जन्मभर चारचौघांत मेलीस ते पुरलं नाही होय तुला? आता मेल्यावरही चारचौघांत पडायचंय? मी जिवंत असेपर्यंत नाही चालणार!"

"मग लवकर आटप की तू," मावशी म्हणाली.

"बघ रे बाळ, कशी बोलते!"

बाळ म्हणजे कुजबुज. त्याचे ओठ हलले. काय म्हणाला ते काडेपेटीवाल्यालाच ठाऊक.

मावशीच्या जिवाला तेव्हापासून घोर लागला. मरणाचा नव्हे, मरण तिच्या हातचा मळ होता. घोर होता तो एका फोनचा. आक्का गर्जेल, कुजबुज पुटपुटेल, आणि आयुष्यातलं एकुलतं एक मोठं काम हातचं जाईल. नाटकवाल्या माणसाला अशा वेळी एकच उपाय सुचतो. मावशीनं तालमी लावल्या.

तळमजल्यावरच्या शिंप्याला तिनं दोन भूमिका दिल्या, दाखला देणारे डॉक्टर आणि कॉलेजच्या गाडीचा ड्रायव्हर. हा शिंपी कंपनीचेच कपडे शिवायचा, त्यामुळं हौशी. डॉक्टर म्हणून तो गळ्यातली मोजपट्टीच कानाला लावायचा. आक्काचं काम उशीला दिलं. मावशी स्वतः पलंगावर मरायची आणि कुजबुजनं उशीसमोर ताठ उभं राहून म्हणायचं, "आक्का, तिची इच्छा होती. ती कॉलेजात जाणार. मी फोन करतोय."

कुजबुज उभा राहायचा, घाम पुसायचा, आणि अगदी स्पष्ट कुजबुजायचा, पण शिंप्याला! शिंप्याचं वाक्य! सगळ्यांची वाक्यं त्याला तोंडपाठ होती. उशीनं काय म्हणावं हेसुद्धा त्यानं उशीला सांगितलं. स्वतःच्या वाक्याशी आला की गाडी अडायची.

"अरे, तुझं बोल ना!" मावशी मेलेल्या अवस्थेत ओरडायची.

"मला कोण सांगणार?" तो कुजबुजायचा. "विंगेत कुणी नाहीये, ताई."

मावशी पुन्हा डोळे मिटून पहिल्यापासून मरायची.

रंगीत तालमीच्या दिवशी तिनं जय्यत तयारी केली. चेहऱ्यावर जुन्या डब्यातली पावडर, डोळ्यांखाली बोटभर काजळी, पांढरी चादर हनुवटीपर्यंत. "आज मध्ये बोलायचं नाही कुणी. मी मेले की मेले. शेवटी तू पडदा दिलास की उठेन." डॉक्टर आले, मोजपट्टी लावली, मान हलवली, चादर तोंडावर ओढली आणि ड्रायव्हर व्हायला बाहेर जिन्यात गेले. सूचक वाक्य मिळाल्याशिवाय आत यायचं नाही, असा त्यांना सक्त हुकूम होता.

दार उघडं राहिलं. आणि आक्का आत आली.

मावशीला चादरीखालून काही दिसत नव्हतं. आधी चपलांचा आवाज आला, मग पिशवी पडल्याचा. आणि मग ती किंचाळी.

खालून सुरू झाली, मध्ये तुटली, वर जाऊन फाटली.

मावशीचं काळीज थांबायचंच बाकी राहिलं. तीच! पेटीचा भाता सोडवणारी, शेवटच्या रांगेतली, जन्मभर छातीवर मिरवलेली ती किंचाळी आक्काची होती! तिला ताडकन उठून विचारावंसं वाटलं, "तू? तू आली होतीस?" पण पडदा पडला नव्हता. मावशी पडून राहिली.

बिचाऱ्या कुजबुजनं प्रसंग ओळखला आणि तालीम बंद करायची म्हणून, जन्माच्या सवयीनं, झटकन हात वर केला. समोरच्या विंगेकडं. समोर कपाट होतं.

"हात कसला वर करतोस, शाळेत असल्यासारखा?" आक्का हुंदक्यातून गरजली.

चादरीखाली मावशीला उलगडा झाला. गाढवानं पडद्याची खूण केली! दोर सोडणार कोण? कपाट? हसू पोटातून उसळून वर आलं. मावशीनं पायांची बोटं आवळली, अशी आवळली की पोटऱ्यांत गोळे आले. तिकडं जिन्यात शिंपी किंचाळी ऐकून थक्क होऊन उभा होता. आज उशीनं काय काम केलंय, असं त्याला वाटलं म्हणे. पण सूचक वाक्य आलं नव्हतं, म्हणून तो आत आला नाही.

आक्कानं नाक ओढलं आणि कारभार हातात घेतला. "फोन कुठाय? सगळ्यांना बोलावते. घरातल्या माणसांत, रीतीनं निरोप देऊ हिला. आणि त्या कॉलेजचं खूळ आता संपलं. तिच्याबरोबर गेलं ते."

मावशी ऐकत होती. फोन उचलल्याचा आवाज आला. हेच ते, अगदी हेच होणार होतं.

"आक्का, फोन ठेव." कुजबुज. जेमतेम.

"काय पुटपुटतोस?"

"फोन ठेव!"

खोलीत भलताच आवाज झाला. वर्षानुवर्षं न उघडलेला खण हिसका देऊन ओढावा तसा, खरखरीत, अर्धा चिरकलेला. तो आवाज कुणाचा हे कळायला खुद्द कुजबुजलाही एक क्षण लागला असेल. पण एकदा खण उघडल्यावर आतलं सगळं बाहेर आलं.

"ती कॉलेजात जाणार! तिची इच्छा होती. सबंध जन्म मी हिला हिची वाक्यं सांगितली, आक्का. आज ती बोलू शकत नाही, तर तिचं शेवटचं वाक्य मी गिळून टाकू? फोन मी करणार. कॉलेजला."

"अरे, पण मुलं कापतील रे तिला!"

"कापतील! हळू कापतील. सगळं हळूहळू करतात, कॉलेजातल्या बाई ताईला म्हणाल्या. आणि उद्या तुझ्या गुडघ्याला सुरी लावेल तो डॉक्टर कशावर शिकलेला हवाय तुला? पुस्तकातल्या चित्रावर?"

आक्काचा हात आपसूक गुडघ्यावर गेला असावा, कारण खुर्ची करकरली. ती बसली. आक्का गप्प आहे हे मावशीला जन्मात पहिल्यांदाच ऐकू येत होतं.

मग आक्का बोलली, आणि हळू बोलली. "मी हिला मरताना कितीदा पाहिलंय, ठाऊक आहे तुला? प्रत्येक नाटकात. तिकीट काढून, मागं बसून. एकदा तोंडातून किंचाळी गेली, लोक वळून बघायला लागले. तेव्हापासून रुमाल तोंडात धरून बसायचे. खोटं आहे, ठाऊक असायचं रे मला. तरी धीर धरवायचा नाही. ही मेली की उठायचे आणि नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहायचे. ही रंग पुसून, कप घेऊन दारात आली, हसताना दिसली की मग घरी जायचे. आता मी कुठल्या दाराशी उभी राहू?"

चादरीखाली मावशीच्या पायांची बोटं सुटली. हसण्यावर तिच्याकडं इलाज होता, रडण्यावर नव्हता. डोळ्यांतून पाणी निघून कानात गेलं. मेलेल्या माणसानं रडू नये असा नियम कंपनीनं केलाच नव्हता, म्हणून ती रडली.

"कॉलेजलाही मागचं दार असेलच की," कुजबुज म्हणाला. नव्या आवाजात, पण मऊ. "तिथनं मुलं बाहेर येतील. आपण दोघं जाऊ."

"मोठं आहे का दार?"

"बघून येऊ."

आक्कानं नाक पुसलं. "मग फोन कर. पण नीट मोठ्यानं बोल. नाहीतर ते लोक काडेपेटी पाठवायचे."

आता मात्र बोटांचंही काही चालेना. चादर हलायला लागली. आक्काचे डोळे विस्फारले. कुजबुजला अखेर आठवलं की कपाटाला हात नसतात. त्यानं छाती भरून घेतली आणि अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असा ओरडला, "पडदा!"

मरणमावशी उठून बसली.

आक्का दुसऱ्यांदा किंचाळली. मग जे हाताला लागलं त्यानं, म्हणजे आक्काचं काम करणाऱ्या उशीनं, तिनं मावशीला बडव बडव बडवलं. "मेले, मेले म्हणून मला मारलंस ना! थांब, आता खरीच पाठवते तुला कॉलेजात!"

"हेच तर म्हणतेय मी कधीची!" मावशी हसता हसता मार खात होती. "आक्का, तू होतीस ती! तूच होतीस!"

दारातून शिंप्यानं मुंडकं आत घातलं. "गाडी आलीय. की उद्या येऊ?"

त्यानंतर मावशी पुष्कळ वर्षं जगली. एका सकाळी तिचा चहा तसाच गार झाला. शिंपी जिना चढून आला, बघत राहिला, म्हणाला, "एकदा 'पडदा' म्हणून तर बघा. काय सांगावं?"

"नाही," कुजबुज म्हणाला. "अजून नाही. तिचं काम आता सुरू होतंय."

खऱ्या डॉक्टरांनी दाखला दिला. फोन त्यानं केला. पलीकडून प्रोफेसरबाई म्हणाल्या, "जरा हळू बोला, ऐकू येतंय." गाडी आली तेव्हा आक्का आधीच पुढं बसली होती.

मग ते मागचं दार. दिवस कलताना ती दोघं तिथल्या कट्ट्यावर जाऊन बसायची. आतून मुलं बाहेर यायची, हात धुतलेली, दमलेली, कागदी कप घेऊन कशावर तरी खिदळणारी. आक्का एकेकाला निरखायची आणि कुणीतरी मोठ्यानं हसलं की म्हणायची, "चल, घरी जाऊ."

वर्ष सरलं, पुढचंही बरंचसं. काम संपल्यावर कॉलेजनं देह देणाऱ्यांच्या घरच्यांना आभाराच्या सभेला बोलावलं. सभागृहात खरोखरचा मंच होता, तपकिरी पडद्याचा. मुलं एकेक करून बोलत होती. कुणाला कुणाचं नाव ठाऊक नव्हतं, टेबलावरूनच ओळख. एक चुणचुणीत मुलगी उभी राहिली.

"आमच्या टेबलावरच्या आजींनी आम्हाला खूप शिकवलं. पण एक कोडं राहिलंय. त्यांच्या तळपायातले बारीक स्नायू इतके दणकट होते की बाकीची सगळी टेबलं बघायला आली. आम्ही पैजा लावल्या. कुणी म्हणालं नर्तकी असतील, कुणी म्हणालं डोंगर चढत असतील. आजी करायच्या तरी काय?"

आक्काला काहीच कळलं नाही. कुजबुजला मात्र कळलं. एवढ्या वर्षांत विंगेतून त्याला मावशीचं दुसरं काय दिसायचं? पायच तर दिसायचे. तो उठला, काठी टेकत मंचावर गेला. कुणीतरी ध्वनिक्षेपक पुढं केला, तो त्यानं बाजूला सारला.

"ती हसू दाबायची," तो म्हणाला.

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग त्यानं मालकांच्या सुटलेल्या मिशीपासून सुरुवात केली, आणि सगळं सभागृह, मुलं, प्रोफेसरबाई, रडायच्या तयारीनं आलेली घरची माणसं, पोट धरून हसायला लागली. ती चुणचुणीत मुलगी खुर्चीवरून खाली घसरली. दाबलेलं सगळं हसू जणू व्याजासकट सुटलं होतं.

हशा ओसरल्यावर कुजबुज तसाच उभा राहिला. समोरच्या विंगेकडं बघून त्यानं हात वर केला, पण आवाज जुनाच निघाला. "पडदा," तो कुजबुजला.

"मोठ्यानं!" शेवटच्या रांगेतून आक्का ओरडली. "तिला ऐकू गेलं पाहिजे!"

आणि तो मोठ्यानं म्हणाला.